खालच्या मुठीचा माणूस

वखारीत त्या दोघा भावांना नावाने हाक मारलेली कोणालाच आठवत नसे. एक थोरले, दुसरे धाकटे. एवढ्या दोन शब्दांवर दोघांची उभी हयात निभावली. यंत्राच्या पात्याखाली मावणार नाही असा एखादा अजस्र ओंडका आला, की मालक कपाळाचा घाम पुसून म्हणत, "थोरल्या-धाकट्यांना बोलवा." मग तो ओंडका खोल खड्ड्यावर आडवा टाकला जाई. थोरले त्याच्यावर उभे राहत, धाकटे खड्ड्यात उतरत, आणि पुरुषापेक्षा उंच अशी करवत त्या दोघांच्या मध्ये वर-खाली होऊ लागे.

ही करवत खाली येताना कापते. वर जाताना ती नुसती परतते. खालच्याने मूठ धरून अंगाच्या साऱ्या भाराने ओढायचे, वरच्याने ती उचलून घ्यायची आणि पुन्हा ओंडक्यावर आखलेल्या रेघेवर आणायची. खालच्याने चुकूनही वर ढकलायचे नाही. ढकलले की पाते लवते, रेघ सुटते, आणि पिढ्यानपिढ्या वाढलेले लाकूड क्षणात वाया जाते. म्हणून ओढून झाले, की खालच्या माणसाने हात सैल सोडावेत आणि मूठ नेईल तिकडे जाऊ द्यावेत. मिसरूड फुटण्याआधी धाकटे त्या खड्ड्यात उतरले, आणि हा नियम त्यांच्या बुद्धीहूनही खोल, अस्थींपर्यंत झिरपला.

खड्ड्यातून आकाश दिसत नाही. दिसते ते ओंडक्याचे पोट, आणि अखंड गळणारा भुसा. फळी सरळ निघाली, की बघणारे वरच्या माणसाकडे पाहून मान डोलावतात. खालचा मात्र पापण्या पुसत शिडीने वर येतो, तोवर कौतुक संपलेले असते. धाकट्यांनी याची तक्रार कधी केली नाही. जी तक्रार बोलली जात नाही ती नाहीशी होते असे समजणे मात्र भोळेपणाचे. ती साचते.

एकदा कोणा सभागृहाच्या तुळईसाठी एक प्रचंड ओंडका आला. पुढे असे लाकूड यायचे नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक होते. त्या दिवशी धाकट्यांनी उभ्या जन्मात पहिल्यांदा काही मागितले. "दादा, हा शेवटचाच मोठा. आज मी वर उभा राहतो."

थोरले रेघ आखत होते. मान वर न करता ते म्हणाले, "तुला रेघ धरता यायची नाही."

मालक तिथेच होते. हमाल होते, गाडीवान होता. कोणीतरी फिसकन हसले. धाकटे खड्ड्यात उतरले, तुळई कापून झाली, हातपाय धुऊन ते घरी गेले, आणि त्या दिवसापासून त्यांनी भावाशी बोलणे टाकले. दोघांची घरे दोन गल्ल्यांच्या अंतरावर होती. ते अंतर काही वर्षे कोणीच ओलांडले नाही.

पुढे एका सकाळी दाढी करताना धाकट्यांच्या हातून वस्तरा गळून पडला. उचलायला ते वाकले, ते जमिनीवरच कलंडले. अर्धांगाचा झटका होता. इस्पितळातून ते घरी आले तेव्हा पाय बऱ्यापैकी सावरला होता, जीभही वळू लागली होती. पण उजवा हात खांद्यापासून असा लोंबत होता, की जणू दुसऱ्या कोणाचा तरी उसना आणून शिवून टाकला आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते, "पहिल्या काही महिन्यांत जे परत येईल तेच मुख्य. हात हलता ठेवा. नाहीतर तो आखडेल आणि तसाच राहील."

व्यायाम शिकवायला एक फिजिओथेरपिस्ट बाई येऊ लागल्या. सडपातळ, पळायचे बूट घालणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी दाराच्या वरच्या कडीला एक रबरी पट्टा बांधला, त्याचे टोक धाकट्यांच्या बोटांत अडकवले आणि म्हणाल्या, "काका, हा खाली ओढायचा. मग हळूहळू वर जाऊ द्यायचा."

धाकट्यांनी पट्ट्याकडे पाहिले आणि डोळे मिटून घेतले.

ज्याला आपण आळस म्हणतो तो पुष्कळदा विषादच असतो. शरीर हलायला तयार असते, पण त्याला हलण्याचे कारण सापडत नाही. बाई येत, हात हलवून जात. मधल्या वेळात धाकटे भिंतीकडे तोंड करून पडत. बायकोने समजावून पाहिले, रडून पाहिले, आणि शेवटी एका सकाळी त्यांना दारापुढच्या खुर्चीत बसवून, पट्टा बोटांत अडकवून ती आपल्या ठेवणीतल्या शस्त्राकडे वळली.

"एवढाली झाडं ओढलीत जन्मभर, आणि हे रबर ओढवत नाही होय?"

"त्या ओढण्यात काही अर्थ होता."

"आणि ह्या हातात नाही? मग मी रोज घास भरवायचा, असंच ठरलंय का? तसं सांगा. म्हणजे मी एक झबलंही शिवून ठेवते."

धाकट्यांनी पुन्हा डोळे मिटले.

"काल बाजारात भावजी भेटले," ती भाजी निवडता निवडता सहज म्हणाली. "कसा आहे म्हणून विचारत होते."

"काय सांगितलंस?"

"काय सांगणार? पडून आहेत म्हटलं."

"पडून आहेत?" धाकटे खुर्चीत ताठ झाले. "पडून आहेत असं सांगितलंस? त्याला?"

"मग काय सांगू, नाचतायत?"

दाराशी खळ्ळकन आवाज झाला. पट्टा कमरेपर्यंत खाली आला होता, आणि त्याच्या टोकाला धाकट्यांचा उजवा हात होता. दोघेही त्या हाताकडे, अनोळखी पाहुणा दारात यावा तसे, पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी हात तपासला आणि भुवया उंचावल्या. "हे कशानं झालं?"

"दिरांचं नाव काढलं," बायको म्हणाली.

बाईंनी पट्टा पुन्हा कडीला घट्ट केला. "मग तूर्तास रोज काढा. हात उठायला कारण लागतं, काकू. सुरुवातीला ते कुठलंही चालतं."

ज्याला जाणत्यांनी मनुष्याचा रिपू म्हटले, त्या क्रोधाने अशा रीतीने त्या घरात वैद्याचे आसन पटकावले. पहाट झाली की धाकटे दारापुढे खुर्ची ओढत आणि त्या कडीकडे पाहत. रेघ धरता यायची नाही. खाली! कोणीतरी हसले होते. खाली! उभा जन्म डोळ्यांत भुसा घेतला. खाली! पट्टा खाली यायचा आणि फाटकन सुटून दारावर आपटायचा. शेजारीण दोनदा आपले दार उघडून बघून गेली, कोण ठोठावते आहे म्हणून. खांद्यात बळ आले, कोपर वळू लागले, गालांवर रक्त चढले. संध्याकाळी काठी टेकत ते गल्लीच्या टोकापर्यंत जाऊ लागले. तेही भावाच्या घराच्या विरुद्ध दिशेने, आणि म्हणून अधिकच झपाझप. बायकोने शेजारणीला सांगितले, "राग बाई राग! एवढा गुणकारी असेल असं वाटलं नव्हतं. नाहीतर मी लग्नापासूनच दिला असता."

पण बाईंचा चेहरा मात्र हळूहळू गंभीर होत चालला होता. हात ओढत होता हे खरे. बोटे मात्र दिवसेंदिवस आत मिटत होती. पट्टा काढून घेतला तरी पंजा वळलेलाच राही. बाई एकेक बोट सोडवीत, आणि सोडताच ती लाजाळूच्या पानांसारखी पुन्हा मिटत.

"काका, जोर पुरे आता. सोडायला शिका. पट्टा वर जाताना तुम्ही त्याला आवरतच नाही. एकदम टाकून देता."

"वर नेणं माझं काम नाही," धाकटे म्हणाले. म्हणाले, आणि स्वतःच चपापले. हे वाक्य आपण कुठून आणले, ते त्यांना कळेना.

मग एक दुपार आली. ते पलंगावरून उठत होते, बायकोने आधाराला हात दिला, त्यांनी उजव्या हाताने तिचे मनगट धरले. इतक्या दिवसांत प्रथमच त्या हाताने तिला धरले होते; ती हसलीही. ते उभे राहिले. तिने हात मागे घेतला, पण तो सुटेना.

"सोडा आता."

"सोडतोय."

"अहो, सोडा ना. दुखतंय."

"सोडतोय म्हटलं ना!" ते ओरडले, आणि त्या ओरडण्याबरोबर पकड आणखी आवळली. तिच्या डोळ्यांत पाणी आले. धाकटे डाव्या हाताने स्वतःचीच बोटे उपटू लागले, दोरीची निरगाठ सोडवावी तशी. शेवटी मनगट मोकळे झाले तेव्हा त्यावर बोटांचे लालजर्द ठसे होते. ती पदराने मनगट झाकून म्हणाली, "काही नाही. जाईल संध्याकाळपर्यंत." नेहमीची थट्टा तिने केली नाही. थट्टेचा तो अभाव धाकट्यांना असह्य झाला.

बाईंना हे कळले, तेव्हा त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि समोर बसल्या. "ह्या दुखण्यात असं होतं, काका. मेंदू आवळायला सांगतो, सोडायला विसरतो. चिडलं की आणखी आवळतं. रागानं हात उठवला, त्याचे आभार माना. पण रागावरच राहिलात तर हा पंजा असाच दगडासारखा होईल. मग मला उघडता येणार नाही, डॉक्टरांनाही अवघड जाईल." त्यांनी कडीकडे बोट दाखवले. "मी रोज बघते. खाली ओढून झालं की तुम्ही एक क्षण थांबता आणि मग हात टाकून देता. कुणाची वाट बघता तुम्ही?"

प्रश्न साधा होता. धाकट्यांनी तोंड फिरवले. पण बाई गेल्यानंतर ते कितीतरी वेळ त्या कडीकडे पाहत बसून राहिले. वाट कोणाची, हे आता लपण्यासारखे नव्हते. ज्याच्या नावाने ते दातओठ खात पट्टा ओढत होते, त्यानेच तो परत वर न्यावा म्हणून त्यांचा हात थांबत होता. मनाने ज्याला घराबाहेर काढले, त्याच्यावर हात अजून विसंबून होता.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. त्यांनी राग बाजूला ठेवून पाहिला. हात पुन्हा लोंबू लागला. भीती लावून पाहिली. तिने बोटे अधिकच मिटली. बायकोच्या मनगटाची लाज आठवून पाहिली. लाजेने मान खाली गेली, हात वर गेला नाही. भावना म्हणजे काही पेटीतली हत्यारे नव्हेत, की एक ठेवावी आणि दुसरी उचलावी. आणि जी हाताशी यायला हवी होती, ती दोन गल्ल्या पलीकडे पडून होती.

शेवटी एका सकाळी त्यांनी काठी घेतली. बायकोने विचारले, "कुठे?" ते म्हणाले, "विचारायला." "काय?" "करवतीचं." ती जे काही बोलणार होती ते तिने गिळले आणि त्यांच्या पायांत चपला सरकवल्या.

दार वहिनींनी उघडले. त्या नुसत्या बाजूला झाल्या. आतल्या खोलीत थोरले बाकावर बसले होते, अंगात अर्धा सदरा. एक बाही चढली होती, दुसरी रिकामी. वहिनींनी जाऊन त्यांचा हात कोपराशी धरला, लहान मुलाचा धरावा तसा, आणि बाहीत सरकवला. थोरल्यांचे दोन्ही हात छातीच्या वर जात नव्हते.

धाकटे दारातच उभे राहिले. "हे कधीपासून?"

"बस," थोरले म्हणाले. "उभा काय राहतोस वसुलीवाल्यासारखा."

धाकटे बसले. वहिनींनी चहा आणून ठेवला आणि त्या निमूट आत गेल्या.

"दादा," धाकटे म्हणाले, "तू वर कशी न्यायचास?"

"काय?"

"करवत. मी ओढून सोडली, की तू वर कशी न्यायचास? मला ते येत नाही. हात ओढतो, पण वर जाताना आवरत नाही. म्हणून पंजा आखडलाय." त्यांनी वळलेला पंजा मांडीवर ठेवला. सगळ्या जन्मात त्यांनी भावाला कामातले काही विचारले नव्हते.

थोरल्यांनी त्या पंज्याकडे पाहिले. "हळू," ते म्हणाले.

"ते बाईही सांगतात. हळू म्हणजे कसं?"

"वजन तर उचलायलाच लागतं. पण झटका द्यायचा नाही. झटक्यानं उचलली की भुसा उडतो. खाली तू, तोंड वर करून. मग सगळा वेळ तेच डोक्यात, की खाली हा आहे, खाली हा आहे. असं म्हणत म्हणत न्यायची."

"आणि रेघ?"

"रेघ डोळे बघतात. हातांनी तुला बघायचं."

"तरी माझ्या डोळ्यांत भुसा जायचाच," धाकटे कसेबसे म्हणाले.

"गेला असेल. मी काय देव आहे?"

आत भांडे पडल्याचा आवाज झाला. वहिनी कान लावून होत्या हे उघड होते. धाकट्यांनी चहाचा घोट घेतला, डाव्या हाताने, आणि जे इतकी वर्षे घशात अडकले होते ते बाहेर काढले. "चारचौघांत बोललास तू मला."

"बोललो."

"का बोललास?"

थोरल्यांनी आपले दोन्ही हात उचलायचा प्रयत्न केला. ते छातीशी आले आणि थरथरत थांबले. "तू वर आलास तर मला खाली उतरावं लागलं असतं. खाली हात डोक्याच्या वर न्यायला लागतो. हे खांदे तेव्हाच गेले होते. छातीपर्यंत उचलणं कसंबसं जमायचं, म्हणून वर टिकलो."

"मग तसं सांगायचंस ना."

"मालकासमोर? दुसऱ्या दिवशी दोघांनाही घरी बसवलं असतं." थोरल्यांनी हात मांडीवर सोडले. "तुला रेघ आली असती की नाही, मला काय ठाऊक? कधी बघितलंच नाही. तोंडाला आलं ते बोललो. बोलल्यावर कळलं, वाईट बोललो. मग तू खड्ड्यात उतरलास, आणि मला वरून तुझं फक्त डोकं दिसत होतं. फडकं बांधलेलं."

एवढेच. क्षमा हा शब्द कोणी उच्चारला नाही. तो त्या घराण्यात कधी वापरलाही गेला नसावा. उठताना थोरले म्हणाले, "येशील परत?" आणि धाकटे म्हणाले, "तूच ये. मला काठी आहे, तुला पाय आहेत."

घरी परतताना धाकट्यांना भलतीच भीती वाटली. राग गेला होता. तो कुठे गेला हे ते चाचपून पाहत होते, आणि त्याच्या जागी पोकळी होती. ज्याच्या जोरावर हात जिवंत झाला तेच गेले. आता हात पुन्हा मरेल की काय?

दुसऱ्या सकाळी त्यांनी पट्टा धरला. ओढला तेव्हा पूर्वीसारखा जोर नव्हता. कमरेपर्यंत येणारा पट्टा छातीपाशीच थांबला. ते थांबले. कोणी वर नेणारे नव्हते. मग त्यांनी डोळे मिटले आणि खड्डा आठवला. पण या वेळी ते ओंडक्यावर उभे होते, आणि खाली फडके बांधलेले एक पांढरे डोके होते, ज्याचे हात वर जात नव्हते. खाली हा आहे, ते मनात म्हणाले. पट्टा वर खेचत होता; त्याला आवरत, त्याचे वजन तोलत, ते हात वर जाऊ देऊ लागले. हात थरथरला, मध्येच निसटला. पट्टा दारावर आपटला, पण पूर्वीइतका जोरात नाही. त्यांनी पुन्हा धरला.

मनाच्या या अवस्थेला काय म्हणावे, ते सांगणे कठीण आहे. करुणा म्हणावे तर तिच्यात एक ऋण होते. कृतज्ञता म्हणावे तर तिच्यात एक वेदना होती. शास्त्रकार भावनांच्या उत्तम-मध्यम अशा पायऱ्या लावतात. शरीराला त्या पायऱ्या ठाऊक नसतात. भावना खरी आहे की नाही, एवढे मात्र त्याला अचूक कळते. आणि ही भावना मंद होती. क्रोधासारखी ती झेपावत नव्हती, म्हणून ती रोज सकाळी पुन्हा बोलवावी लागे. कधी येई, कधी येत नसे. न येण्याच्या दिवशीही धाकटे पट्टा धरून बसत.

थोरले येऊ लागले. प्रथम ते खुर्चीत बसून नुसते पाहत आणि सूचना देत. "फेकू नकोस. ने." "नेतोयच." "ह्याला नेणं म्हणतात?" एका सकाळी बाईंनी त्यांचे खांदे पाहिले आणि त्यांनाही भिंतीपाशी उभे केले, बोटे भिंतीवर टेकवून एकेक बोटाने वर चढायचे, एवढाच व्यायाम. थोरले पुटपुटले, "ह्या वयात मुंगी केली माझी." खांदे पूर्वीसारखे होणार नाहीत, हे बाईंनी लपवले नाही, पण सदरा स्वतः घालता येईल, म्हणाल्या. धाकटे तिकडे न पाहता म्हणाले, "रेघ सरळ धर हो, दादा." थोरल्यांच्या खांद्यांना हसू आले, आणि लगोलग कळ आली.

थंडी सरत आली असताना एका सकाळी व्यायाम आटोपून थोरले निघाले. खुर्ची बुटकी होती, गुडघे धरले होते, आणि रेटा देऊन उठायला खांदे उपयोगाचे नव्हते. बायको पुढे होणार, एवढ्यात धाकट्यांनी हात दिला. न विचार करता दिला, म्हणून उजवा दिला. थोरल्यांनी तो धरला. धाकट्यांनी पाय रोवले आणि भावाला वर आणले, हळूहळू, गुडघ्यांचा अंदाज घेत, श्वासाला श्वास लावून, तो पुरता उभा राहीपर्यंत.

मग तोच क्षण आला. थोरले उभे होते, आणि धाकट्यांची बोटे त्यांच्या हाताभोवती मिटलेली होती. बायको स्वयंपाकघराच्या दारात थबकली. तिचा एक हात नकळत दुसऱ्या मनगटाकडे गेला. धाकट्यांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी तोंड उघडले, पण ते ओरडले नाहीत.

थोरल्यांनी हात ओढून घेतला नाही. "घाई नाही," ते म्हणाले. "मला कुठे जायचंय?"

खिडकीतून ऊन येत होते. रस्त्यावरून कोणाची तरी सायकल घंटी वाजवीत गेली. धाकटे आपल्या हाताकडे पाहत होते. त्याला काही सांगत नव्हते, नुसते पाहत होते. आधी तर्जनी सैल झाली. मग, कितीतरी वेळाने, अंगठा. मधले बोट उलगडले आणि पुन्हा वळले आणि पुन्हा उलगडले. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट अर्धे मिटलेलेच राहिले. ती पुढेही पुरती उघडली नाहीत. पण थोरल्यांचा हात मोकळा झाला होता, आणि मोकळा झाल्यावरही त्यांनी तो क्षणभर तिथेच ठेवला.